प्रेमाला हिरवा कंदील नाही
(अंतराळ पोलिसांत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी)

अभिनंदन. आकाशातून एक हिरवी अंगठी आली, तुमच्या बोटात जाऊन बसली आणि तुमची निवड झाल्याचं तिनंच जाहीर केलं. लेखी परीक्षा झाली नाही, कुणी छातीचं माप घेतलं नाही, कुणाला मधे घालावं लागलं नाही. पोलीस भरती इतकी सोपी कशी, अशी शंका तुमच्या मनात आली असेल तर तुम्ही या नोकरीला लायक आहात. उडायचं कसं, मनातला हातोडा हिरव्या प्रकाशात घडवायचा कसा, बंद पडलेल्या अंतराळयानाला धक्का द्यायचा कसा, हे सगळं किलोवॉग नावाचा अगडबंब ड्रिल-मास्तर तुमच्याकडून घोटून घेईल. त्याच्या अभ्यासक्रमात तीन विषय मात्र नाहीत: सहकाऱ्यांवरचा अविश्वास, आपल्या हातून घडलेलं पाप, आणि प्रेम. या दलात नोकरी जाते, डोकं फिरतं किंवा जीव जातो तो बहुधा या तिघांपैकी एकापायी. म्हणून ही पुस्तिका.

आधी खातं समजून घ्या. ग्रीन लँटर्न कोअर हे डीसी कॉमिक्सच्या विश्वातलं पोलीस दल. मुख्यालय ओआ या ग्रहावर. सगळ्या विश्वाचे ३६०० विभाग पाडलेले, पृथ्वी २८१४ क्रमांकाच्या विभागात येते. पूर्वी दर विभागाला एकच शिपाई असे, पुढे दोन झाले, म्हणजे ७२०० पदं. तुमच्या बॅचला कोण असेल याचा भरवसा नाही. मोगो नावाचा तुमचा एक सहकारी म्हणजे अख्खा ग्रह आहे. त्याला हजेरीला बोलावू नये. वरिष्ठ म्हणजे गार्डियन: बुटके, निळे, लांब झगे घातलेले अमर म्हातारे. चित्रकार गिल केन यांनी त्यांचे चेहरे इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांच्यावरून घेतले. १९४० साली आलेला पहिला ग्रीन लँटर्न, अॅलन स्कॉट, याचा पोलिसांशी काही संबंध नव्हता. त्याच्याकडे जादूचा दिवा होता. १९५९ मध्ये लेखक जॉन ब्रूम आणि केन यांनी हॅल जॉर्डन हा वैमानिक आणला आणि लवकरच जादूच्या जागी खातं आलं. खातं आलं की चौकश्या, बढत्या, निलंबनं आणि कुरबुरी आपोआप येतात. तुमच्या नोकरीतली सगळी मजा त्या कुरबुरींत आहे, हे आमचं स्पष्ट मत.

विश्वास कुणावर ठेवावा

अंगठीवर ठेवावा. न ठेवल्यास काय होतं यासाठी अबिन सूर यांचं प्रकरण अभ्यासा. हे हॅलच्या आधीचे २८१४ विभागाचे शिपाई. ज्याच्या बोटात विश्वात कुठेही उडवत नेणारी अंगठी आहे तो माणूस मरताना अंतराळयानात कसा सापडला, हा प्रश्न १९५९ पासून वाचकांना पडत होता. लक्षात राहणारं उत्तर दिलं अॅलन मूर यांनी, १९८६ मध्ये. इस्मॉल्ट नावाच्या ग्रहावर कैदेत असलेला एक राक्षस अबिन सूर यांना सांगतो, ऐन वेळी तुझी अंगठी दगा देईल. राक्षसाला एवढंच करायचं होतं. अबिन सूर परत आले, कामाला लागले, पण मनात ते वाक्य राहिलं. अंगठीची शक्ती जपून वापरावी म्हणून त्यांनी यान घेतलं आणि त्याच यानाने त्यांचा घात केला. जाता जाता सांगायचं तर अमेरिकेतल्या कॉमिक्स कोड या सेन्सॉर मंडळाने या गोष्टीला शिक्का नाकारला. कोणतं चित्र बदलू, असं विचारल्यावर उत्तर आलं की आक्षेप एखाद्या चित्राला नाही, केव्हिन ओ'नील यांच्या शैलीलाच आहे. डीसीने गोष्ट शिक्क्याविना छापली. आमच्या मते दलाच्या साऱ्या दफ्तरातलं हे सर्वांत नेटकं प्रकरण आहे.

तरी कुणी शिकत नाही. २०१२ मध्ये रुजू झालेला सायमन बाझ अंगठीशिवाय कमरेला पिस्तूलही लावायचा. अंगठी चालली नाही तर? पिस्तुलावर विश्वास आणि विश्वातल्या सर्वांत प्रबळ शस्त्रावर अविश्वास, असा हा पोलिसी खाक्या. त्याच्याबरोबर दिलेली जेसिका क्रूझ, मित्रमैत्रिणींचे खून डोळ्यांदेखत पाहिल्यापासून घराबाहेर पाऊल न टाकणारी. दोघांचं जमेना. तेव्हा २०१६ मध्ये हॅलने एक नामी युक्ती केली. अंगठी ज्या कंदिलावर चार्ज होते ते दोघांचे दोन कंदील त्याने एकात मिसळून टाकले. आता एकट्याची अंगठी भरायची तरी दुसरा समोर हजर पाहिजे. सहकाऱ्यांमध्ये विश्वास निर्माण करण्यासाठी शिबिरं आणि व्याख्यानं भरवणाऱ्या सर्व खात्यांनी ही पद्धत विचारात घ्यावी.

वरिष्ठांवर विश्वास ठेवावा का? उत्तर देण्यापूर्वी इतिहास पाहा. गार्डियनांनी तुमच्याआधी मॅनहंटर नावाचे यंत्रमानव पोलीस नेमले होते. भावना नाहीत, चुका नाहीत, पगारवाढ नाही. त्या आदर्श पोलिसांनी ६६६ या विभागातली जवळपास सगळी जीवसृष्टी मारून टाकली. त्यानंतर भावना असलेले शिपाई भरती करण्याचा निर्णय झाला, म्हणजे तुमची नोकरी मुळात एका फसलेल्या प्रयोगाची दुरुस्ती आहे. पुढे खात्यातल्याच लोकांवर नजर ठेवायला आल्फा लँटर्न आणले. त्यांच्या शरीरातच कंदील बसवलेला, अर्धे माणूस, अर्धे यंत्र. एकदा पोळूनही यंत्राचं आकर्षण सुटत नाही, हे वरिष्ठांचं लक्षण ओळखून ठेवा.

गुरूवरही फार भिस्त नको. हॅलला ज्याने शिकवलं तो सिनेस्ट्रो, दलाचा सर्वोत्तम शिपाई. त्याच्या कोरुगार ग्रहावर गुन्हा औषधालाही नव्हता, कारण तिथे त्याचीच हुकूमशाही होती. हे उघडकीला आणलं ते शिष्यानेच. कोरुगारच्या लोकांना तेव्हापासून हिरव्या अंगठीचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. हे लक्षात ठेवा, पुढे प्रेमाच्या पाठात लागेल.

आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस? त्याबाबत सूचना अशी की आपण एकमेव आहोत असं समजू नये. मरणाऱ्या अबिन सूर यांची अंगठी पृथ्वीवर लायक माणूस शोधत होती तेव्हा तिला एक नव्हे, दोन सापडले होते. हॅल जवळ राहत होता म्हणून त्याचा नंबर लागला. दुसरा गाय गार्डनर. १९६८ मध्ये ही गोष्ट वाचकांना कळली. थोड्या अंतराने नोकरी हुकलेल्या माणसाबरोबर जन्मभर एकाच खात्यात काम करायचं कसं, यावर मार्गदर्शन उपलब्ध नाही.

गणवेशाबद्दल: तो अंगठीच तयार करते. शिंप्याचं बिल सादर करू नये.

पाप कुठे नोंदवावं

या दलाची स्थापनाच पापातून झाली. क्रोना नावाच्या ओआवासी शास्त्रज्ञाला विश्वाचा आरंभ डोळ्यांनी बघायचा होता. मनाई असताना त्याने बघितला आणि त्या उद्योगातून विश्वभर अरिष्ट पसरलं. त्याच्या जातभाईंनी, म्हणजे गार्डियनांनी, ती जबाबदारी स्वतःवर घेतली आणि प्रायश्चित्त म्हणून अब्जावधी वर्षं पोलीस चौकी चालवली. ही कथा १९६५ ची. आपल्या भाऊबंदाचं पाप फेडण्यासाठी दुसऱ्यांना नोकरीला ठेवायचं, ही कल्पना मला तरी फार मोठ्या संस्थानिकाला शोभेल अशी वाटते.

साधं, दैवगतीचं पाप हवं असेल तर टोमार-रे यांच्याकडे जा. क्रिप्टॉन ग्रह त्यांच्या हद्दीत होता. तो वाचवायला ते निघाले, वाटेत ताऱ्याच्या पिवळ्या भडक्याने डोळे दिपले, उशीर झाला. हिरवी अंगठी पिवळ्या रंगापुढे निकामी होते ना. क्रिप्टॉन गेला आणि तिथला एक पोरका मुलगा पृथ्वीवर येऊन सुपरमॅन झाला. दुसऱ्या खात्याच्या एवढ्या मोठ्या यशाला आपल्या खात्याची हलगर्जी कारण ठरल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

आता दोन मोठी प्रकरणं. दोन्ही नीट वाचा, कारण नव्या माणसाला दलात राहून कुणासारखं व्हायचं ते इथे ठरतं.

पहिलं जॉन स्ट्यूअर्टचं. १९७१ च्या अखेरीस डेनी ओ'नील आणि नील अॅडम्स यांनी आणलेला, डीसीच्या पहिल्या काळ्या नायकांपैकी एक. पेशाने वास्तुविशारद. १९८८ च्या 'कॉस्मिक ओडिसी'त झानशी या ग्रहावर बॉम्ब निकामी करायला तो आणि मार्शियन मॅनहंटर (वरच्या यंत्रमानवांपैकी नव्हे, वेगळा नायक) गेले. आपल्या अंगठीपुढे बॉम्ब काय चीज, असं म्हणून जॉनने सोबत्याला हिरव्या बुडबुड्यात अडकवून मागे ठेवलं आणि एकटा आत गेला. बॉम्बला पिवळा रंग दिलेला होता. ग्रह लोकांसकट नष्ट झाला. जिम स्टार्लिन यांनी लिहिलेल्या या प्रसंगात कुणी जॉनवर मंत्र टाकलेला नाही, कुणी त्याच्या अंगात शिरलेलं नाही. तो फुशारला होता, एवढंच. ज्याचा धंदा इमारती उभ्या करण्याचा, त्याच्या हातून जग पडलं. पुढे १९९२ मध्ये, निरनिराळ्या ग्रहांवरची गावं उचलून एका जागी गोधडीसारखी जोडलेली होती, त्या जगाची राखण त्याला दिली. तिथे तो सारखा झानशीशी बोलत राहतो. ती मालिका 'मोझेक' १८ अंकांत बंद पडली.

दुसरं हॅलचं. १९९३ मध्ये त्याचं गाव, कोस्ट सिटी, सत्तर लाख लोकांसह बेचिराख झालं. हॅलने अंगठीच्या प्रकाशातून सारं शहर, आई-वडील, जुनी मैत्रीण पुन्हा उभी केली आणि शक्ती संपली तशी ती विरून गेली. तेवढ्यात वरिष्ठांनी त्याला बोलावणं धाडलं: अंगठीचा खाजगी कामासाठी वापर. नियम योग्य होता, वेळ चुकली. हॅल ओआकडे निघाला. वाटेत जे सहकारी अडवायला आले त्यांच्या अंगठ्या काढून घेत आणि त्यांना अवकाशात सोडून देत तो पुढे गेला, किलोवॉगला मारलं, सिनेस्ट्रोची मान मोडली, दल संपवलं. १९९४ च्या तीन अंकांत हा सारा प्रकार उरकला. वाचकांनी प्रकाशकांना किती शिव्या घातल्या याची मोजदाद नाही.

मग २००४ मध्ये लेखक जेफ जॉन्स यांनी हॅलला सोडवलं. कसं? तर पॅरालॅक्स नावाचा भीतीचा पिवळा किडा ओआच्या मुख्य कंदिलात कोंडलेला होता, तो हॅलच्या मनात शिरला होता, जे केलं ते किड्यानं केलं. अंगठी पिवळ्याला का घाबरते? किडा. हॅलच्या कानशिलावरचे केस पांढरे का झाले होते? तेही किडा. एवढी सोयीची क्लीन चिट आम्ही इतर कुठल्याही विभागीय चौकशीत पाहिलेली नाही. कथा वेगवान आहे, इथन व्हॅन स्किव्हरची चित्रं देखणी आहेत, आणि मला ती मान्य नाही. सत्तर लाखांच्या दुःखाने वेडा झालेला माणूस किड्यापेक्षा समजायला सोपा होता. सुदैवाने सगळ्यांनाच ते पटलं असं नाही. ज्यांना हॅलने अवकाशात मरायला सोडलं होतं त्यातले काही जिवंत निघाले. हॅल आणि गाय यांनी त्यांना मॅनहंटरांच्या कैदेतून सोडवलं, तरी त्यांच्या डोळ्यांत हॅलबद्दलचा संशय तसाच राहिला. किड्याचं स्पष्टीकरण ऐकायला ठीक असतं. अंगठीविना अवकाशात तरंगलेल्या माणसाला ते पुरत नाही.

आपल्याकडे अनेकांना ग्रीन लँटर्न म्हणजे जॉनच, कारण कार्टून नेटवर्कवरच्या 'जस्टिस लीग'मध्ये तोच होता. त्या मालिकेतही त्याच्यावर ग्रह नष्ट केल्याचा खटला चालतो आणि तो आरोप कबूल करतो. पण तिथे शेवटी कळतं की ग्रह जागेवरच आहे, तो नसल्याचा भास मॅनहंटरांनी केला होता. मुलांच्या कार्यक्रमात तसंच करायला हवं होतं. कॉमिकमधल्या जॉनला ती सोय मिळाली नाही. वर २०११ नंतरच्या अंकांत, छळाला कंटाळून ओआच्या संरक्षणाची गुपितं फोडायला निघालेल्या एका सहकाऱ्याला त्याने स्वतःच्या हाताने मारलं आणि ती गोष्ट आधी लपवली. आल्फा लँटर्नांनी त्याला मृत्युदंड सुनावला. सूचना: पाप झाल्यास तातडीने कळवावं. तुम्ही कळवलं नाहीत तर ते खातं कळवतं, आणि खात्याची भाषा वाईट असते.

प्रेमात पडल्यास

पडू नये. तरी पडल्यास, दलाबाहेर पडावं. हॅलने ते करून पाहिलं: कॅरोल फेरिस ही त्याची मालकीण, विमान कंपनीची सर्वेसर्वा. तिला हॅलपेक्षा ग्रीन लँटर्न जास्त आवडायचा, आणि हॅल आपणच तो हे सांगू शकत नव्हता. म्हणजे स्वतःच स्वतःचा प्रतिस्पर्धी. त्यात तीच जांभळं रत्न धारण करून स्टार सफायर नावाची खलनायिका होई आणि शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवत नसे. १९८८ मध्ये याच स्टार सफायरने कॅटमा तुई हिला मारलं.

कॅटमा तुई म्हणजे सिनेस्ट्रोच्या जागी कोरुगारवर नेमलेली शिपाई. १९६४ मध्ये ती एका शास्त्रज्ञाच्या प्रेमात पडली आणि राजीनामा द्यायला निघाली होती. हॅलने तिला कर्तव्य पटवून नोकरीत ठेवलं. नंतर तिने जॉन स्ट्यूअर्टशी लग्न केलं. म्हणजे एकाच वर्षात जॉनची बायकोही गेली आणि झानशीही. त्या वर्षी जॉनची जन्मपत्रिका कुणी पाहिली नव्हती असं दिसतं.

दलाबाहेरच्या माणसावर प्रेम केल्यास त्याच्या जिवाची हमी नाही, हेही सांगायला हवं. १९९४ मध्ये काइल रेनर नवा लँटर्न झाला आणि काही अंकांतच त्याच्या मैत्रिणीला, अलेक्झांड्राला, मारून फ्रिजमध्ये कोंबलं. नायकाला पेटवण्यापुरत्या मारल्या जाणाऱ्या अशा बायकांची यादी गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये केली, तिला नाव याच फ्रिजवरून मिळालं. सिमोन पुढे स्वतः नावाजलेल्या कॉमिक्स लेखिका झाल्या. ही नोंद तुमच्या कर्तव्यात येत नाही, पण अंगठी घालण्यापूर्वी घरच्यांना दाखवावी.

दलातल्याच माणसावर प्रेम बसलं तर? इथे नियम आहे. पुढे गार्डियनांनी ओआच्या ग्रंथात नवे कायदे घातले. पहिल्या दोन कायद्यांनी शत्रूला ठार मारण्याची परवानगी दिली. तिसऱ्या कायद्याने लँटर्नांमधल्या प्रेमसंबंधांवर बंदी घातली. क्रम लक्षात घ्या. ज्यांच्या वंशातल्या बायका, झामारॉन, पुरुषांनी भावनाच सोडून द्यायच्या ठरवल्यावर उठून निघून गेल्या, त्यांनी हा कायदा केला. त्या बायकांनी पुढे प्रेमाच्या जांभळ्या प्रकाशावर स्वतःचं वेगळं दल उभारलं, हे म्हाताऱ्यांना अजून खुपतं.

बंदीचा भंग तत्काळ झाला. काइल रेनर आणि सोरानिक नातू. सोरानिक कोरुगारची शल्यविशारद आणि, नंतर कळल्याप्रमाणे, सिनेस्ट्रोची मुलगी. अंगठी आली तेव्हा तिला ती नकोच होती. तिच्या लोकांच्या मते ती जुलूमशहाची खूण. म्हणजे तिला दलावर विश्वास नाही, काइलला घाबरायला कारण पुरेसं, आणि वर कायदा. तरी दोघं चोरून भेटत राहिले. मग मेलेल्यांच्या फौजेने ओआवर हल्ला केला, त्यात काइलने जीव दिला. गाय गार्डनर मित्राच्या मरणाने संतापून लाल झाला, अगदी शब्दशः, कारण रागाच्या लाल अंगठीने त्याला गाठलं. आणि सोरानिकने झामारॉनांच्या जांभळ्या दलातल्या एकीच्या मदतीने काइलचं थांबलेलं हृदय पुन्हा चालू केलं. बंदी घातलेल्या गोष्टीच्याच जोरावर. पीटर टोमासी यांनी लिहिलेल्या आणि पॅट्रिक ग्लीसन यांनी चितारलेल्या या अंकांत दल खरोखर पोलीस चौकीसारखं वाटतं: थकलेली माणसं, एकमेकांवर चिडलेली, एकमेकांसाठी मरणारी.

जॉनच्या प्रेमप्रकरणाची पायरी वेगळीच. झानशी फुटलं तेव्हा ग्रहाबाहेर असल्यामुळे वाचलेली इरा सिन्रिल. ती फेटॅलिटी हे नाव घेऊन लँटर्नांना शोधून मारत हिंडायची. पुढे झामारॉनांनी तिला जांभळी अंगठी दिली. तिने जॉनला क्षमा केली, मग दोघांचं जमलं. ज्याने आपला ग्रह घालवला त्याच्या गळ्यात हात. वाचकांनी नाकं मुरडली, मीही मुरडलं. मग लेखकांनीच गाठ सोडली: शेवटच्या काळात जॉनबरोबर होता तो रूप बदलणारा हेर, आणि खरी इरा हाती लागल्यावर म्हणाली की ते प्रेम माझं नव्हतंच, अंगठीने लादलेलं होतं. कार्टूनमध्ये हॉकगर्ल हीदेखील जॉनवर जीव लावून बसलेली शत्रुपक्षाची हेर निघाली होती. एकाच माणसाला दोन माध्यमांत दोनदा हेर मिळावा, याला निष्काळजीपणा म्हणतात. जोडीदाराची पार्श्वभूमी पडताळणी करून घ्यावी. अंगठी ते काम करते.

रुजू होण्यापूर्वी तयारी म्हणून अबिन सूर यांचं १९८६ चं प्रकरण आणि 'कॉस्मिक ओडिसी' वाचून काढा. नंतर टोमासी-ग्लीसन यांचे अंक. हॅलचं १९९४ चं प्रकरण वाचा आणि किड्यापाशी थांबा. २०११ चा चित्रपट सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात हॅल झालेले रायन रेनॉल्ड्स आणि कॅरोल झालेल्या ब्लेक लाइव्हली यांनी २०१२ मध्ये लग्न केलं. त्या चित्रपटातून झालेलं एवढंच एक काम चांगलं. बाकी पाहिला नाहीत तरी सेवेत खंड पडणार नाही.